नाटक बघायला शिकायचंय: कुठे बसावं, काय बघावं, आणि संस्था आतून चालते कशी?

कोरी_पाटी

नमस्कार. चित्रपट आणि मालिकांची सवय असलेल्या माणसाने नाटक बघायला सुरुवात कशी करावी, यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा काढतेय. गोष्ट समजते, विनोदाला हसू येतं, पण बाहेर पडल्यावर "छान होतं" याच्यापुढे काही बोलता येत नाही. नेमकं काय बघायचं असतं? तिकीट कुठल्या रांगेचं काढावं?

पडद्यामागचंही समजून घ्यायचंय. दुपारी एका नाटकाचा दिवाणखाना असतो आणि रात्री त्याच जागी दुसऱ्याचं कोर्ट उभं असतं, हे कसं जमतं? जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून ज्यांचं नाव येतं त्यांचं काम काय? चांगलं चाललेलं नाटकसुद्धा मध्येच महिनाभर दिसेनासं होतं, ते का? व्यावसायिक मराठी नाटकापुरतं विचारतेय. उत्तरं लांबली तरी चालतील.

शेवटची_रांग

आधी रांगेचं. पहिल्या दोन रांगांचा मोह टाळा. रंगमंच जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो. तिथून मान वर करून बघावं लागतं, रंगमंचाची जमीन दिसत नाही, आणि पुढे सोफा असेल तर मागच्या नटाचं अर्धं अंग त्याच्याआड जातं. मधल्या भागातली सहावी ते दहावी रांग धरा. चेहराही वाचता येतो आणि पूर्ण चौकटही नजरेत मावते. तेच नाटक पुन्हा बघाल तेव्हा बाल्कनीची पहिली रांग घ्या. वरून जमीन कॅरमबोर्डासारखी उघडी दिसते: कोण कुठून कुठे गेलं, दोघांत किती अंतर राहिलं, मध्ये कोण येऊन उभं राहिलं. दिग्दर्शकाचं निम्मं काम तिथून कळतं.

आता काय बघायचं ते. चित्रपटात कोणाकडे बघायचं हे संकलक ठरवून देतो. नाटकात ते काम जागा, उजेड आणि हालचाल या तिघांवर सोपवलेलं असतं. पाच जण स्तब्ध असताना एकाने पाण्याचा ग्लास उचलला, की अख्खं प्रेक्षागृह त्या ग्लासाकडे बघतं. म्हणूनच दुसऱ्याचं महत्त्वाचं वाक्य चालू असताना मागे उगाच पदर सारखा करणं हा तालमीत ओरडा खायचा गुन्हा आहे. घरी आल्यावर एवढंच आठवून बघा: त्या वाक्याला माझी नजर कुठे होती, आणि तिथे ती कशामुळे गेली?

दुसरी सवय, बोलणाऱ्याकडे कमी बघा, ऐकणाऱ्याकडे जास्त. समजा बाप पेपर वाचतोय आणि मुलगा म्हणतो, "मी नोकरी सोडली." वाक्य मुलाचं आहे, पण प्रसंग बापाच्या हातातल्या पेपरावर घडतो. पान उलटता उलटता हात थांबला का? पेपर हळूच खाली आला का? की काही ऐकलंच नाही असं दाखवत त्याने पुढचं पान उलटलं? तीन दिग्दर्शक याची तीन उत्तरं देतील, आणि तेवढ्या एका कृतीने पुढची दहा मिनिटं भांडणाची होणार, समजुतीची होणार की अबोल्याची, हे ठरून जातं. लेखकाने संहितेत फक्त वाक्य लिहिलेलं असतं. पेपर तालमीत सापडतो.

उतरती_मात्रा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. डोळ्यांचं त्यांनी लिहिलं, मी कानांचं लिहितो.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही नंतर. "मी त्याला भेटलो नाही" या वाक्यातलं 'नाही' नटाच्या श्वासाबरोबर खाली गेलं, तर पंधराव्या रांगेला "मी त्याला भेटलो" एवढंच ऐकू जातं. अर्थ थेट उलटा. कच्चा नट वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटी श्वास संपवतो. पक्का नट श्वास राखून ठेवतो आणि शेवटचा शब्द सुरुवातीइतकाच वर धरतो. एखादा नट 'स्वच्छ ऐकू येतो' असं वाटलं तर त्याच्या आवाजाची पट्टी तपासू नका, वाक्यांचे शेवट ऐका. 'आवाजाची फेक' म्हणतात तिचा मोठा भाग हाच आहे. नुसता आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात, आणि शब्द गिजबिजतात.

हशाचंही शास्त्र आहे. हशा लाटेसारखा असतो: चढतो, माथ्यावर टिकतो, उतरतो. पुढचं वाक्य लाट उतरायला लागली की घ्यायचं. माथ्यावर घेतलं तर ते बुडतं. पूर्ण शांत होऊ दिलं तर प्रसंग गार पडतो आणि तो पुन्हा तापवायला मिनिट जातं. तेवढा वेळ नटाने काय करायचं? नुसतं थांबून राहिलं तर तो हशाची वाट बघतोय हे दिसतं. म्हणून भूमिकेला धरून एखादी कृती चालू ठेवतात, चष्मा पुसणं किंवा समोरच्याकडे बघत राहणं. आणि हशा रोज वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लांबीचा येतो. तालमीत यातलं काही बसवता येत नाही, कारण तिथे प्रेक्षक नसतो. पहिले आठ-दहा प्रयोग नट प्रेक्षकांकडून हेच शिकत असतात. शुभारंभाच्या प्रयोगावरून नाटकाबद्दल कायमचं मत करू नये, ते त्यामुळेच.

नवा_भिडू

पण आता सगळीकडे माइक असतात ना? मग आवाजाची फेक कशाला लागते?

उतरती_मात्रा

चांगला प्रश्न. गद्य नाटकात बहुतेक वेळा रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले आणि वरून टांगलेले माइक असतात, नटाच्या अंगावर नसतात. ते जवळचं ऐकतात, लांबचं कमी ऐकतात. नट मागच्या दाराशी गेला की माइकला त्याचा आवाज कमी आणि खोलीचा घुमारा जास्त मिळतो. ध्वनी चालवणाऱ्याने पातळी वाढवली की पावलांचे आवाज, साडीची सळसळ, खुर्ची सरकल्याचा आवाज हे सगळंही वाढतं, आणि फारच वाढवली तर शिट्टी वाजते. दोन माइकच्या मध्ये उभं राहून बोललं तर एकच आवाज दोन्हीकडे किंचित वेगळ्या वेळेला पोचतो, त्यातले काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. माइक आधार देतो. शब्द नटालाच घडवावे लागतात.

आणखी एक बारकी गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 20 मीटर लांबच्या रांगेला वाक्य सुमारे 0.06 सेकंद उशिरा मिळतं. एवढ्याने कोणाला काही कळत नाही, पण तिथला हशा परत यायलाही तेवढाच वेळ लागतो. मोठ्या नाट्यगृहात संवादांची गती किंचित सैल ठेवावी लागते, त्यामागे हे एक कारण आणि घुमारा हे दुसरं. छोट्या जागेत बसवलेलं नाटक मोठ्या नाट्यगृहात तसंच्या तसं केलं की घाई झाल्यासारखं वाटतं.

बिजागरी

सेटचं मी लिहितो. दुपारचं नाटक सातच्या सुमारास संपतं आणि रात्रीचं साडेआठला सुरू होतं. त्या दीड तासात एका संस्थेचा सेट निघून टेम्पोत जातो आणि दुसरीचा लागतो, उजेडाची दिशा बघून होते आणि प्रेक्षक आत बसतात. हे जमतं कारण नेपथ्याचा आराखडा काढतानाच तो मोडायचा कसा हे ठरलेलं असतं.

भिंत म्हणजे फ्लॅट: लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड किंवा पातळ प्लाय, सोयीचं माप 4 फूट रुंद आणि 10 किंवा 12 फूट उंच. दोन फ्लॅट बिजागरीने जोडतात, पण तिची मधली पिन सुटी असते. पिन घातली की भिंत, काढली की दोन फळ्या. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर क्रमांक असतो, शेजाऱ्याचा क्रमांकही असतो. मागून तिरका टेकू देऊन त्याच्या पायावर वजन ठेवतात. नाट्यगृहाच्या जमिनीत खिळे ठोकायला बहुधा मनाई असते, त्यामुळे सगळी मदार त्या वजनावर.

दार आपटल्यावर भिंत हललेली पाहिली असेल. कारण जवळपास नेहमी एकच असतं: दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी टेकू हवेत, त्यातला बिजागरीकडचा राहिलेला असतो किंवा त्यावरचं वजन घाईत दुसरीकडे वापरलेलं असतं. बाजूच्या भिंतीतलं दार कुठे उघडतं तेही बघा. ते बाहेर, विंगेत (रंगमंचाच्या कडेच्या, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागेत) उघडतं आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असतात. आत उघडलं असतं तर पल्ल्याने जागा खाल्ली असती. बिजागरी पुढच्या कडेला असती तर येणारा नट पल्ल्याआड झाकला गेला असता.

टेम्पोत माल भरायचा क्रम लावण्याच्या क्रमाच्या उलटा. जमिनीवरचं कापड आणि लेव्हल (म्हणजे उंचवटे) आधी लागतात म्हणून ते शेवटी चढवायचे. एकाने घाईत सोफा शेवटी चढवला, तर पुढच्या गावी तो आधी उतरवून विंगेत ठेवावा लागतो आणि फ्लॅट नेताना सगळे त्यावर अडखळतात.

दौऱ्यावर प्रत्येक नाट्यगृहाची रंगचौकट (रंगमंचाची समोरची चौकट) वेगळी. सेट सगळ्यात अरुंद रंगमंचावर मावेल असा काढतात आणि रुंद ठिकाणी उरलेली जागा काळ्या विंगांनी (म्हणजे बाजूच्या उभ्या पडद्यांनी) आणि वरून झालरीने झाकतात. झाकलं गेलं का, हे तपासायला पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून बघायचं. टोकाच्या खुर्चीवरून विंगेत उभा असलेला माणूस दिसला, तर सेट नीट लागलेला नाही.

अवांतर: झटपट दृश्यबदलासाठी 1962 सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच वापरला. एका बाजूला कोर्ट, फिरवलं की दुसरं गाव. दहा वर्षांनी, 1972 साली, 'घाशीराम कोतवाल'ने दुसरी वाट काढली: ओळीने उभी असलेली माणसंच भिंत झाली. ती वळली, फुटली, पुन्हा जुळली की जागा बदलली. एकाला यंत्र लागतं, दुसऱ्याला तालीम. नेपथ्य म्हणजे महागडा बंगला, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन टोकांचा विचार करावा.

कोरी_पाटी

किती नवीन कळलं! बिजागरी, दाराचं आता दरवेळी बघणार. पण नाटकात मध्येच काळोख होतो आणि उजेड येतो तेव्हा सगळं बदललेलं असतं, ते काय करतात?

विंगेतली_खुर्ची

हे माझं खातं, म्हणजे रंगमंच व्यवस्था. साधारण 25 सेकंदांचा एक काळोख उदाहरणादाखल घ्या. रात्रीचं जेवण संपलंय, आता दुसऱ्या दिवसाची सकाळ दाखवायची आहे. जायचंय: ताटं, पाण्याचा तांब्या, एक खुर्ची. यायचंय: चहाचा ट्रे, वर्तमानपत्र, खिडकीचा बाजूला सारलेला पडदा. माणसं तीन.

नियम पहिला: रिकाम्या हाताने कोणी आत जात नाही आणि रिकाम्या हाताने बाहेर येत नाही. पहिला माणूस ट्रे घेऊन आत जातो आणि ताटं घेऊन बाहेर येतो. ताटं आधीच एकात एक ठेवलेली असावीत म्हणून जेवणाच्या प्रसंगात सुनेला 'आवरत' बोलायला लावलेलं असतं. ते दिग्दर्शन आमच्यासाठी केलेलं असतं. दुसरा पेपर ठेवून खुर्ची उचलतो. तिसरा फक्त पडदा. तो सगळ्यात लांब असतो म्हणून त्याने आधी निघायचं. तिघांच्या वाटा एकमेकांना छेदत नाहीत, हे कागदावर रेघा मारून ठरवतात आणि उजेडात तालीम करून मगच काळोखात करतात.

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला कित्येक मिनिटं लागतात, आणि इथे आहेत 25 सेकंद. म्हणून जमिनीवर रेडियमच्या बोटभर पट्ट्या लावतात. खुर्चीच्या चारही पायांशी लावल्या तर पुढच्या पट्ट्या प्रेक्षकांना चमकताना दिसतात, त्यामुळे फक्त मागच्या दोन पायांशी, काटकोनात. रेडियमला आधी उजेड 'प्यावा' लागतो. प्रयोगाआधी रंगमंचावर पूर्ण उजेड दिला नाही तर पहिल्याच काळोखात पट्ट्या आंधळ्या होतात. शिवाय ज्याला आत जायचंय त्याने आधीची काही मिनिटं विंगेतल्या दिव्याकडे बघायचं नाही, मोबाइलकडे तर नाहीच.

काय बिघडतं? बहुतेकदा नट. काळोख झाला की त्याने ठरलेल्या बाजूने जायचं असतं. टाळ्या मिळाल्या म्हणून तो दोन सेकंद जास्त थांबला, तर ट्रेवाल्यावर आदळतो.

प्रॉपर्टीचं, म्हणजे नटांनी वापरायच्या वस्तूंचं, टेबल दोन्ही विंगांत असतं. त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेखा काढतात आणि नाव लिहितात: चष्मा, पत्र, किल्ली. प्रयोगाआधी एक नजर टाकली की कुठली रेघ रिकामी आहे ते कळतं. नटाने वस्तू वापरून झाली की तिथेच परत ठेवायची, खिशात नाही. खिशातलं पत्र कपड्यांबरोबर पेटीत जातं आणि पुढच्या गावच्या प्रयोगाला सापडत नाही.

शेवटची गोष्ट, वेळेची वही. प्रत्येक अंक किती मिनिटांत झाला ते दर प्रयोगाला लिहायचं. 58 मिनिटांचा अंक विसाव्या प्रयोगाला 63 झाला, तर संहिता वाढलेली नसते. नटांना जिथे दाद मिळाली तिथे ते रेंगाळायला लागलेले असतात. वही दाखवली की दिग्दर्शक एक तालीम लावतो आणि अंक पुन्हा 59 वर येतो.

अंबर_जेल

प्रकाशाबद्दल थोडंच लिहिते, कारण तो शब्दांत पकडणं अवघड आहे.

समोरून येणारा उजेड चेहरा दाखवतो पण सपाट करतो. साधारण 45 अंशांवरून दोन्ही बाजूंनी आला की नाक-गाल उठून दिसतात. मागून आलेला उजेड माणसाला भिंतीपासून सुटा करतो. नट भिंतीला चिकटल्यासारखा वाटला तर मागचा दिवा गेलाय किंवा दिलेलाच नाही. निळी रात्र दाखवायला जास्त दिवे लागतात, कारण गडद निळी जेल (दिव्यापुढे लावायची रंगीत फिल्म) बराचसा उजेड स्वतःच पिते. शिवाय उष्णतेने तिचा रंग उडतो. दहा-बारा प्रयोगांनी रात्र फिकट दिसायला लागली की जेल बदलायची.

एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे. जुना हॅलोजन हळूहळू कमी केला की तो पिवळा, मग तांबूस होत विझतो. एलईडी रंग न बदलता कमी होतो आणि अगदी शेवटी टप्प्याटप्प्याने तुटतो. संध्याकाळ मावळायचा प्रसंग कुठल्या दिव्यांवर केलाय हे त्या शेवटच्या दोन सेकंदांत कळतं. एलईडीवर तोच परिणाम हवा असेल तर कमी करताना बरोबरीने तांबूस रंग वाढवत न्यावा लागतो.

साध्या घरगुती नाटकातही तीस-चाळीस क्यू (म्हणजे उजेड बदलायच्या ठरलेल्या जागा) सहज होतात. त्यातले तुम्हाला पाच जाणवले तर काम चांगलं झालंय. आपल्याकडे प्रकाश आणि संगीत चालवणारे बहुधा संहिता समोर ठेवून स्वतःच क्यू घेतात. नटाने वाक्य गाळलं तर तेही त्याच्याबरोबर उडी मारतात. क्यू शब्दावर बांधलेला असेल तर फसतो, कृतीवर बांधलेला असेल तर टिकतो: 'स्विचला हात लागला की', असा.

तारीखवही

आता संस्थेचं. कोरी_पाटी, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शब्द आहे: तारीख.

आधी माणसं समजून घ्या. निर्माता पैसा घालतो आणि नफा-तोटा त्याचा. दिग्दर्शक शुभारंभापर्यंत सर्वेसर्वा, नंतर अधूनमधून येऊन नाटक तपासतो. सूत्रधार म्हणजे रोजचा कारभार बघणारा माणूस: नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, कलाकारांच्या तारखा जुळवणं, बस आणि टेम्पो, जाहिरात, बुकिंगवर नजर, दौऱ्यावर मुक्काम, प्रयोगानंतर प्रत्येकाची नाईट हातात देणं. नाईट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. व्यावसायिक नाटकात पगार नसतो, प्रयोग झाला तर नाईट. म्हणून प्रयोग रद्द झाला की सगळ्यात आधी बॅकस्टेजचा माणूस अडचणीत येतो.

जुन्या काळी असं नव्हतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत पहिलं नाटक केलं तिथपासून, किर्लोस्कर मंडळी (1880 चं 'शाकुंतल'), 1913 ची गंधर्व नाटक मंडळी, अशा कंपन्या म्हणजे फिरतं बिऱ्हाड होत्या. नट कंपनीत राहत, जेवत, पगार घेत, आणि कंपनी एका गावात मुक्काम टाकून अनेक नाटकं करी. आज प्रत्येक नाटकासाठी वेगळी जमवाजमव होते. तोच नट तीन नाटकांत, वर एका मालिकेत.

म्हणून तारीख. प्रेक्षक येतो मुख्यतः शनिवार-रविवारी. नाट्यगृहात दिवसाला तीन सत्रं. काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जातात आणि त्या सगळ्या संस्थांत विभागायच्या असतात. मिळालेल्या रविवारी मुख्य नटाचं चित्रीकरण निघालं की तारीख सोडावी लागते. नाटक महिनाभर दिसलं नाही म्हणजे पडलं असं समजू नका. पाच कलाकारांपैकी एकाची वही जुळत नसते.

आता हिशेब, 'भाग' धरून सांगतो. खर्च दोन तऱ्हेचे. निर्मितीखर्च एकदाच: तालमींची जागा, सेट, कपडे, संगीत, पहिल्या जाहिराती. प्रयोगखर्च दरवेळी: नाट्यगृहाचं भाडं, नाईटी, जाहिरात, बस-टेम्पो, ध्वनी-प्रकाशाचं भाडं, लेखक-दिग्दर्शकाचं प्रत्येक प्रयोगामागचं मानधन. समजा प्रयोगखर्च 100 भाग, आणि हाऊसफुल्लचं उत्पन्न 160 भाग. म्हणजे साडेबासष्ट टक्के नाट्यगृह भरलं की प्रयोग सुटला, म्हणजे त्याचा खर्च निघाला. समजा निर्मितीखर्च 900 भाग. सरासरी 80 टक्के गर्दी झाली तर प्रयोगामागे 28 भाग उरतात, आणि निर्मितीखर्च 33 व्या प्रयोगाला वसूल होतो. सरासरी 70 टक्क्यांवर आली की उरतात 12, आणि वसुलीला लागतात 75 प्रयोग! गर्दीत फक्त दहा टक्क्यांचा फरक. पन्नासाव्या प्रयोगाला निर्माता पेढे वाटतो त्यामागे हा हिशेब असतो.

कॉन्ट्रॅक्ट शो मात्र वेगळा. एखादं मंडळ किंवा बाहेरगावचा आयोजक ठरलेल्या रकमेला अख्खा प्रयोग घेतो. तिकीट विकलं जाणं ही मग त्याची चिंता. रकमेत राहणं-जेवण आणि प्रवास धरलाय की नाही, हे लेखी नसेल तर भांडण ठरलेलं.

आणि सगळ्याच्या आधी एक पायरी असते: महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही. नवे निर्माते हे शेवटच्या आठवड्यावर ठेवतात आणि जाहिरात गेल्यावर धावपळ करतात. वाचन सुरू झालं की त्याच आठवड्यात संहिता द्यावी.

पायपेटी

संगीत नाटकाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. पद (नाटकातलं गाणं) सुरू व्हायच्या आधीचं वाक्य नीट ऐका. त्या वाक्याखाली ऑर्गनवाला हळूच षड्ज, म्हणजे 'सा', धरतो आणि नट वाक्याचा शेवट त्या सुराच्या आसपास आणून ठेवतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हा सांधा दिसला नाही, तर गायक नट उत्तम. सांधा दिसला, नटाने बोलणं थांबवलं, घसा साफ केला, ऑर्गनकडे बघितलं, तर तो गाणारा आहे, नट व्हायचा आहे.

शेवटची_रांग

पायपेटी, सुंदर! जोडीला एवढंच सुचवते की जुनं संगीत नाटक बघायच्या आधी पदं ऐकून जावं. गद्य नाटकाची संहिता मात्र आधी वाचू नये, नंतर वाचावी.

उतरती_मात्रा

इथे मतभेद. पन्नास वर्षांपूर्वीचं गाजलेलं गद्य नाटक नव्या संचात येतं तेव्हा संहिता आधी वाचलेली बरी. गोष्ट माहीत असली की लक्ष 'काय' वरून 'कसं' वर जातं. नव्या नाटकाला तुमचं म्हणणं मान्य.

शेवटची_रांग

पुनरुज्जीवित नाटकांपुरतं मान्य.

एक मात्र आवर्जून: फक्त मोठी नाट्यगृहं धरून बसू नका. शिवाजी मंदिर, बालगंधर्व, गडकरी रंगायतन ही चौकटीची नाट्यगृहं, प्रेक्षक एकाच बाजूला. मुंबईतल्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंना असतात. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा आहे. तीन बाजूंना प्रेक्षक असले की नट कोणाकडे तरी पाठ करणारच, मग पाठीचाही अभिनय करावा लागतो. एका महिन्यात एक मोठ्या जागेतलं आणि एक छोट्या जागेतलं नाटक बघा. आणि पुरुषोत्तम करंडकासारखी एकांकिका स्पर्धा जवळ असेल तर एक अख्खा दिवस काढा. एका दिवसात तीन-चार संघांचं काम ओळीने बघितलं की फरक आपोआप दिसायला लागतो, कोणी शिकवावं लागत नाही.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारचं दुपारचं तिकीट काढलंय, आठवी रांग. शेवटचा प्रश्न: किती आधी पोचावं आणि गेल्या गेल्या काय करावं?

विंगेतली_खुर्ची

अर्धा तास आधी पोचा, आणि दुसऱ्या घंटेला खुर्चीत बसलेल्या असा. पडद्यामागून ठोकाठोकी ऐकू येत असेल तर सेट अजून लागतोय. ती थांबून पावलांचे आवाज कमी झाले की प्रॉपर्टी तपासली जातेय. मोबाइल बंदच करा. थरथरणारा मोबाइल लाकडी हाताच्या खुर्चीवर चार रांगांना ऐकू जातो. तिसरी घंटा, निवेदन, नांदी, मग पडदा. पडदा उघडल्यावर पहिलं वाक्य येईपर्यंत थोडे सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी टिपून ठेवा: दारं किती आणि कुठे आहेत, कुठली खुर्ची सगळ्यात चांगल्या उजेडात आहे, आणि कुठली वस्तू त्या घरात नसती तरी चाललं असतं. मध्यंतरात इथे लिहा, त्या खुर्चीत शेवटी कोण बसलं ते.